घरी पाहिलेल्या सिनेमांची नोंद कुणी ठेवायचं का? (अनुभव लिहा)

कण्हेर
परवा रविवारी जेवणं उरकून आम्ही दोघं सिनेमा लावून बसलो. पाऊण तास झाला असेल, खुनी कोण यावर पैजही लागली, आणि ह्यांनी एकदम विचारलं, "अगं, ही बाई पुढं विहिरीत सापडते ना?" सापडली. दोघांनीही तो आधी पाहिलेला, आणि एकालाही आठवत नव्हता!

तेव्हापासून अण्णांच्या डायऱ्या डोक्यातून जात नाहीत. माहेर सातारा, मंगळवार पेठ. १९८४ ला टीव्ही आला त्या दिवसापासून घरी पाहिलेला प्रत्येक सिनेमा अण्णा पतसंस्थेच्या फुकट डायरीत लिहायचे. शनिवारचा मराठी, रविवारचा हिंदी, गणपतीत भाड्याचा व्हीसीआर आणला की एका रात्रीत तीन. तारीख, नाव, माणसं किती. एका ठिकाणी आहे, 'माणसं २७. चपला हरवल्या १ जोड.' लाईट गेली तर कुठपर्यंत पाहिला तेही. 'नायिका आगगाडीत बसली. लाईट गेली.' पुढं बारा वर्षांनी केबलवर तोच लागला, तर अण्णांनी जुनी डायरी शोधून त्याच ओळीपुढं वेगळ्या शाईनं लिहिलं, 'पुढच्या स्टेशनावर उतरली.'

काही नोंदींपुढं नुसतं 'झो.' आहे. ते काय कोडं आहे देव जाणे. तुमच्यात कोण लिहायचं? येऊ द्या.

खोडरबर
'झो.' म्हणजे झोल. अण्णांना स्टोरी पटली नाही 😄

तारेवरची_कसरत
चपलांचं वाचून हसून हसून मेले. आमच्यात नोंद नव्हती, मी होते. गच्चीवर. साताऱ्याला आपला टॉवर नव्हता तेव्हा सिंहगडाचं केंद्र धरायला लागायचं (ते १९७३ पासून). बांबूला अँटेना, तोंड पुण्याकडं, आणि मी बांबू धरून. खालून बाबा ओरडणार, "आलं... आलं... गेलं!" कित्येक सिनेमे मी नुसते ऐकलेत. माकड बसलं अँटेनावर की मुंग्याच मुंग्या. कुकर झाला, येते परत.

निवांत_वाईकर
आमच्या आजीची वही वेगळीच. सिनेमाचं नाव नाही, गोष्ट नाही, फक्त 'आपली वाई दिसली' किंवा 'दिसली नाही'. २००३ चा 'गंगाजल' घरी सीडीवर बघताना पडद्यावर बिहार आणि आजी म्हणतीय, "कसला बिहार, ही आपली वाई हाय." खरंच होती की, शूटिंग इकडंच झालेलं. 'स्वदेस'मधला मेणवलीचा घाट तर तिनं आम्हाला चार वेळा मागं घेऊन दाखवायला लावला. नासावाला हिरो काय करतोय याच्याशी तिला घेणं नव्हतं, पायऱ्यांवर कुणाची धुणी आहेत ते बघायचं होतं.

रोखठोक_मिरज
सिनेमा बघायचा का ऑडिट करायचं? एवढं लिहायला वेळ कुठून आणतात लोक.

कण्हेर
@रोखठोक अण्णा पंचायत समितीत लेखा विभागातच होते हो 😀

कृष्णाकाठ
सांगली, गावभाग. माझ्याकडं १९९१ पासूनच्या नऊ वह्या होत्या. २०१९ ला आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं. ४५ ला धोका असतो, म्हणजे बघा. आम्ही टीव्ही माळ्यावर टाकला, गादी टाकली, सिलिंडर बांधला, वह्या कपाटात तशाच. आठ दिवसांनी दार उघडलं तर सगळा लगदा आणि तो वास. तो वास ज्यांनी घेतलाय त्यांना सांगायला नको.

त्यातनं एक कळलं. शाईपेनानं लिहिलेलं सगळं वाहून गेलं, बॉलपेनचं वाचता येतं, आणि पेन्सिलीचं तर जसंच्या तसं. १९९१ ते ९४ मी शाळेत होतो, शाईपेन कंपल्सरी. ती चार वर्षं कोरी झाली. कुठले सिनेमे बघितले आता काही सांगता येत नाही. त्यानंतरचे आहेत.

सुगरण_विश्रामबाग
दादा, वाचून कसंतरी झालं. आमचंही तळघर गेलं त्यात. लग्नाची कॅसेट बुरशी येऊन गेली.

कागदपत्रे
पुन्हा कधी (न होवो) वह्या भिजल्या तर उन्हात टाकू नका, पानं वाकडी होऊन चिकटतात. दर काही पानांआड कोरा टिश्यू, पंख्याखाली, आणि टिश्यू बदलत राहा. लगेच जमत नसेल तर पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवा, बुरशी थांबते. मग सवडीनं एकेक वाळवायची.

रोखठोक_मिरज
फ्रीजर पण पाण्यातच होता की राव.

कृष्णाकाठ
होय 😂 आणि लाईट कुठली.

भडंगप्रेमी
गणपतीतल्या व्हीसीआरला भडंग पाहिजेच. आमच्या गल्लीत वर्गणी ५ रुपये, त्यात दोन मारामारीचे, एक देवाचा. देवाचा पहिला लावायचा म्हणजे म्हातारी माणसं झोपायला जातात. दुकानदार कॅसेट घासून घासून झिजलेली द्यायचा, पडद्यावर रेघा आल्या की कुणीतरी स्पिरिटचा कापूस घेऊन हेड पुसायचा आणि आपण इंजिनिअर असल्यागत तोंड करायचा.

सुगरण_विश्रामबाग
भडंगाला लसूण सालासकट ठेचता का सोलून?

पाऊण_तारा
मी २०१४ पासून लेटरबॉक्स्डवर (पाहिलेल्या सिनेमांची नोंद ठेवायची वेबसाइट) लिहितो. तारीख टाकायची, अर्ध्या-अर्ध्या ताऱ्यानं गुण द्यायचे, पुन्हा पाहिला तर तशी खूण. सगळी यादी फाईल करून उतरवताही येते, मी दर दिवाळीत उतरवतो, कृष्णाकाठ दादांसारखं व्हायला नको. पण खरं सांगतो, तिथं 'चपला हरवल्या'चा रकाना नाही. मागच्या वर्षीचे १३० सिनेमे आहेत आणि शेजारी कोण बसलं होतं ते एकाचंही सांगता येणार नाही. बहुतेक कुणीच नव्हतं, इअरफोनवरच बघतो.

तारेवरची_कसरत
आले. रविवारी दुपारी दीडचे सिनेमे आठवतात का कुणाला? मल्याळम, बंगाली, खाली इंग्रजी अक्षरं. आमचे बाबा एवढ्या जोरात भाषांतर करायचे की मूळ आवाज ऐकूच यायचा नाही. माणूस पाच मिनिटं बोलला की बाबा सांगणार, "तो नाही म्हणतोय."

खोडरबर
😂😂 तो नाही म्हणतोय

कण्हेर
हे सगळं वाचून आत्ता आईला फोन लावला. 'झो.' विचारलं तर हसायलाच लागली. म्हणे, "झो. म्हणजे मी झोपले." दिवसभर राबून नऊ वाजता भिंतीला टेकली की लागायचाच डोळा. ती कुठं झोपली ते अण्णा लिहून ठेवायचे आणि सकाळी चहा गाळताना तिथून पुढची गोष्ट सांगायचे. मी म्हटलं, बरोबर सांगायचे का? तर म्हणाली, "काय माहीत बाई. मी काय बघितलं होतं का?"

आता पुढच्या आठवड्यात साताऱ्याला जाऊन 'झो.'वाले सगळे शोधून आईला लावून देणार आहे. मोजले नाहीत, बरेच असतील.

कृष्णाकाठ
दुपारी लावा ताई. रात्री परत झोपतील.

भडंगप्रेमी
@सुगरण सालासकट. आणि तेल गरम असतानाच टाकायचा.