पोस्टफिक्स: घरगुती आयपींवरून येणारा स्पॅम अडवताना आपलेच लोक अडकतायत

महापे_मेलवाला:
एमआयडीसीतल्या ऑफिसचा मेल सर्व्हर, उबुंटूवर पोस्टफिक्स (मेल पाठवणारं-घेणारं सॉफ्टवेअर), ४० खाती. बहुतेक स्पॅम घरगुती ब्रॉडबँडच्या आयपींवरून येतो. एका आयपीवरून दोन-तीन मेल, की लगेच दुसरा आयपी, त्यामुळे फेल२बॅनचा (वारंवार त्रास देणारा आयपी अडवणारं साधन) उपयोग नाही. स्पॅमहाउस या स्पॅमविरोधी संस्थेची झेन ही अडवायच्या आयपींची एकत्रित यादी लावली, तर ऐरोली-घणसोलीतून घरून काम करणाऱ्या आपल्याच लोकांना ५५४ (मेल नाकारल्याचा कोड) येतोय. काय चुकलं?

कोपरखैरणे_रूट:
यादी बरोबर आहे, लावलेली जागा चुकली. झेनमधली पीबीएल ही उपयादी कोणाला स्पॅमर ठरवत नाही. या पत्त्यावरून थेट पोर्ट २५ वर (सर्व्हर एकमेकांना मेल देतात ते दार) मेल यायला नको, एवढंच ती सांगते. घरचं ब्रॉडबँड त्यात असणारच. खरी बाधित यंत्रं एक्सबीएल या दुसऱ्या उपयादीत असतात. आयपी उलटा लिहून डिग (डीएनएस म्हणजे नाव-पत्ता शोधणाऱ्या सेवेला विचारणारी आज्ञा) करा: २०३.०.११३.७ साठी ७.११३.०.२०३.झेन.स्पॅमहाउस.ऑर्ग. उत्तर १२७.०.०.४ आलं तर एक्सबीएल, १० किंवा ११ वर संपलं तर पीबीएल.

घरच्या लोकांना लॉगिनसह पोर्ट ५८७ (वापरकर्त्यांनी मेल पाठवायचं दार) द्या. मेन.सीएफ या सेटिंगच्या फाइलमध्ये ‘परमिट_सॅसल_ऑथेंटिकेटेड’ (लॉगिन केलेल्यांना परवानगी) हे ‘रिजेक्ट_आरबीएल_क्लायंट’च्या (यादीतल्यांना नकार) आधी हवं. पोस्टफिक्स नियम ओळीने वाचतो आणि निकाल लागला की त्या यादीत पुढे जात नाही.

पाचपाखाडी_पोर्ट२५:
सर्व्हरचा डीएनएस ८.८.८.८ (गूगलची सार्वजनिक सेवा) वर असेल तर आधी तो बदला. अशा सार्वजनिक रिझॉल्व्हरमार्फत (डीएनएसची उत्तरं शोधून देणारा सर्व्हर) विचारलं की स्पॅमहाउस १२७.२५५.२५५.२५४ हा एरर कोड देतं. नियमात उत्तराचा आकडा बांधलेला नसेल तर पोस्टफिक्स त्यालाही ‘यादीत आहे’ समजतो आणि झाडून सगळी मेल परत जाते. त्याच सर्व्हरवर अनबाउंड (स्वतःचा रिझॉल्व्हर) बसवा, फॉरवर्डिंग (प्रश्न दुसऱ्या सर्व्हरकडे पुढे पाठवणं) बंद ठेवा, आणि यादीच्या नावापुढे ‘=१२७.०.०.[२..११]’ जोडा. फुकट सोय अव्यावसायिक, कमी वापरासाठी आहे. कंपनीचा सर्व्हर असल्याने अटी नक्की वाचा.

बॉटसाठी (आपोआप स्पॅम पाठवणारे प्रोग्रॅम) पोस्टस्क्रीन हे पोस्टफिक्समधलंच साधन फार चांगलं. ते अर्धवट २२० ओळ (स्वागताचा संदेश) पाठवून ६ सेकंद थांबतं. नीट सर्व्हर पूर्ण ओळीची वाट पाहतो, बॉट मध्येच बोलतो आणि पकडला जातो. ‘ग्रीट_ॲक्शन’ मात्र ‘एन्फोर्स’ करा. मुळात ते ‘इग्नोर’ असतं, म्हणजे लॉगमध्ये नोंद होते आणि मेल आत येते. ग्रेलिस्टिंग (अनोळखी मेल आधी परतवून पुन्हा पाठवायला लावणं) मी इथे लावणार नाही. मोठ्या सेवा दुसऱ्यांदा वेगळ्याच आयपीवरून येतात आणि ओटीपीची मेल मुदत संपल्यावर पोचते.

महापे_मेलवाला:
मास्टर.सीएफमध्ये (पोस्टफिक्सच्या सेवांची फाइल) सबमिशनच्या ओळींपुढे # तसाच होता, म्हणजे ५८७ सुरूच नव्हतं. लोक २५ वरूनच पाठवत होते.

कोपरखैरणे_रूट:
मग कारण तेच. # काढल्यावर ‘-ओ’च्या ओळी मोकळ्या जागेनेच सुरू झाल्या पाहिजेत आणि ‘=’च्या दोन्ही बाजूंना जागा नको, नाहीतर सेवा सुरू होत नाही. पीटीआर (आयपीवरून नाव सांगणारी डीएनएस नोंद) नसलेल्यांना अडवायला ‘रिजेक्ट_अननोन_रिव्हर्स_क्लायंट_होस्टनेम’ घ्या. ‘रिव्हर्स’ नसलेला नियम जास्त कडक आहे, त्यात छोट्या पुरवठादारांची खरी मेलही जाते. आधी आठवडाभर पुढे ‘वॉर्न_इफ_रिजेक्ट’ लावून लॉग बघा. आणि ऑफिसच्या राउटरवर मेल सर्व्हर सोडून बाकी सगळ्या यंत्रांचं बाहेर जाणारं २५ आजच बंद करा. अकाउंट्समधला एक पीसी बाधित झाला, तरी ऑफिसमधल्या सगळ्यांचा मिळून असलेला सार्वजनिक आयपी एक्सबीएलमध्ये जातो आणि तुमची कोटेशनं परत यायला लागतात.