मदत हवी आहे: उतरते थर आडव्या टप्प्यांत खणले गेले, हाडांची नोंद कशी सावरावी?

नमस्कार.

मी इंदूरला राहतो. निमाडातील चुनखडकाच्या एका गुहेत रीतसर परवान्याने चाललेल्या उत्खननात हाडांची नोंद आणि रेखाटन ही कामे माझ्याकडे आहेत. गुहेचे नेमके ठिकाण मुद्दाम देत नाही, कारण अशा जागांची चर्चा झाली की कुतूहलाने येणारी माणसे हाडे उचलून नेतात.

आम्ही १ मीटरचे चौकोन आखले, गुहेच्या भिंतीवरील एका खुणेला शून्य मानले, गवंडी वापरतात ती पाण्याची नळी लावून तिथून खोली मोजली आणि १०-१० सेंटीमीटरच्या आडव्या टप्प्यांनी खणत गेलो. ५ सेंटीमीटरहून मोठ्या प्रत्येक हाडाची उत्तरेकडील व पूर्वेकडील अंतरे आणि खोली वहीत आहे, शिवाय १:१० प्रमाणात आलेख कागदावर रेखाटनही आहे. उंदीर-घुशींचे जबडे, सुटे दात असे बारीक अवशेष २ मिलिमीटरच्या चाळणीतून निघाले. ते चौकोन आणि टप्पा लिहिलेल्या पिशव्यांत आहेत.

६० सेंटीमीटरवर पोहोचल्यावर खड्ड्याची भिंत साफ केली, तेव्हा थर आडवे नसून तोंडाकडून आत मीटरमागे सुमारे २५ सेंटीमीटर उतरत असल्याचे दिसले. वर भुसभुशीत तपकिरी माती, खाली घट्ट लालसर माती आणि मध्ये काही ठिकाणी चुन्याचा पातळ पापुद्रा. म्हणजे तिसऱ्या टप्प्यापासून एकेका पिशवीत दोन थरांची हाडे आली आहेत. भिंत आधीच तपासायला हवी होती, ही चूक माझी आहे.

आपल्या नर्मदेच्या खोऱ्यात या प्रश्नाचे महत्त्व वेगळे सांगायला नको. नर्मदाकाठच्या हथनोरा गावी १९८२ साली भूवैज्ञानिक अरुण सोनकिया यांना मिळालेल्या प्राचीन मानवी कवटीच्या वयाबद्दल अजून एकमत नाही, आणि प्रवाहाने आणलेल्या गोट्यांच्या थरात काय कुठून आले हे ठरवणे मुळातच अवघड असते. गुहेतला गाळ पुष्कळदा जागेवर राहतो, आणि तोच आमच्या हातून मिसळावा याचे फार वाईट वाटते.

पुढे आडवेच खणावे की थराच्या उताराप्रमाणे? आधीच्या पिशव्यांचे काय करावे? आणि भुगा होऊ लागलेल्या हाडांवर ॲसिटोनमध्ये विरघळवलेले पॅरालॉइड बी-७२ (हाड घट्ट करणारी कृत्रिम राळ) लगेच लावावे का?

प्रतिसाद:

पुढचे काम थराच्या उतारानेच करावे, आणि जाड थर असेल तर त्यातही उताराला समांतर ५ सेंटीमीटरचे टप्पे पाडावेत. ज्या हाडांची तिन्ही मापे वहीत आहेत, ती खड्ड्याच्या भिंतीच्या छेदावर, म्हणजे थर दाखवणाऱ्या उभ्या रेखाटनावर, मांडून पाहा. बहुतेक आपापल्या थरात बसतील. सीमेच्या अगदी जवळची हाडे ‘अनिश्चित’ अशीच ठेवावीत. हाडाला चिकटलेल्या मातीचा रंगही पुरावा असतो, त्यामुळे तो नोंदवल्याशिवाय धुवू नये. चाळणीतल्या पिशव्यांवर ‘मिश्र’ लिहावे आणि थरवार मोजणीत त्या कधीही धरू नयेत. भिंतीत साळिंदराचे किंवा तरसाचे बीळ आहे का तेही पाहावे, कारण नंतर बुजलेल्या बिळातली हाडे दोन्ही थरांहून अलीकडची असू शकतात. हाडांवरील समांतर कुरतडखुणा बहुधा साळिंदरासारख्या कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या असतात.

चुन्याचा पापुद्रा फोडून टाकू नका. तो शुद्ध असेल, तर युरेनियम-थोरियम पद्धतीने त्याचे वय काढता येते. अखंड पापुद्र्याखालचे हाड त्याहून जुने आणि वरचा गाळ त्याहून अलीकडचा ठरतो. कालमापनासाठी ठेवायच्या हाडांना पॅरालॉइड लावू नये, ती ॲल्युमिनियमच्या पन्नीत गुंडाळून ठेवावीत. उष्ण हवेत हाडातले कोलॅजन (कालमापनाला लागणारे प्रथिन) आधीच फार कमी उरते.

मूळ लेखक:

मनःपूर्वक आभार. सर्व हाडे छेदावर मांडायला आजच सुरुवात करतो. एक शंका उरते: पापुद्रा सर्वत्र सलग नाही, मधे तुटला आहे. जिथे तो नाही, तिथे केवळ मातीच्या रंगावरून सीमा आखणे पुरेसे ठरेल का?