डग्ग्याचा घुमारा ऐकू येईल असा हेडफोन, हजाराच्या आत भेटते का?

डावा_हात

रामराम मंडळी. तिवसा तालुक्यातल्या एका खेड्यातून लिवून रायलो. भजनी मंडळात तबला वाजवतो. पोटापाण्याचं म्हणाल तं पाच एकर वावर, त्यात सध्या हरभरा अन् तूर. लाइन एक आठवडा दिवसाची, एक आठवडा रातची. रातच्या आठवड्यात स्प्रिंकलरचे पाइप बदलायच्या मधात दोन-दोन घंटे धुऱ्यावर बसून रायतो, तवा कानात काहीतरी लागते.

मले बेस आवडते. पण डीजेची धडधड नाही, डग्ग्याचा (डाव्या हातानं वाजवतो त्या मोठ्या तबल्याचा) घुमारा. मनगट दाबून डग्गा ओढला का आवाज खालून वर सरकते, तो सरकताना ऐकू आला पाहिजे.

आठवडी बाजारातून दीडशे-दीडशेचे दोन हेडफोन घेतले. एकाच्या डब्यावर मोठ्या अक्षरात ‘एक्स्ट्रा बेस’. कानात लावला तं थाप कोणती अन् घुमारा कोणता काही समजत नाही, सगळा पिठल्याचा गोळा. गाणारा बुवा त्या पिठल्यात पार बुडून गेला. दुसऱ्याचा डावा कान पंधरा दिवसांत मुका झाला. वायर पिनेपाशी वाकवून धरली का बोलते, सोडली का चूप.

आणखी एक भानगड आहे. प्रॅक्टिसचं मी मोबाइलवर रेकॉर्डिंग करतो. मास्तर म्हणतात, तुहा डावा हात कच्चा आहे. रेकॉर्डिंग ऐकलं तं डग्गा ऐकूच येत नाही. आता हात कच्चा आहे का हेडफोन, हे मले समजून घ्याचं आहे. हसू नका.

बजेट हजार, लय झालं तं बाराशे. मोबाइलले गोल पिनेचं भोक नाही, टाइप-सी आहे. ब्लूटूथ नको. वावरात चार्ज कुठी करू, मोटारच्या स्टार्टरवर?

वणीकर_सध्या_पुण्यात

दादा, डब्यावर ‘एक्स्ट्रा बेस’ वाचून हेडफोन घेऊ नका. स्वस्तात बेस वाढवायचा म्हणजे बहुतेक वेळा शंभर ते तीनशे हर्ट्झचा पट्टा फुगवून ठेवतात (हर्ट्झ म्हणजे आवाज सेकंदाला किती वेळा थरथरतो तो आकडा, जितका कमी तितका सूर खालचा). बुवाच्या आवाजाचा खालचा भाग तिथेच असतो, म्हणून तो बुडतो. तुमचं पिठलं तेच. ‘१० मिमी ड्रायव्हर’, ‘१२ मिमी ड्रायव्हर’ (ड्रायव्हर म्हणजे आतला आवाज करणारा पडदा) हेही पाहून भुलू नका. मोठा ड्रायव्हर म्हणजे चांगला बेस असं काही नसतं.

तुमच्या बजेटमध्ये मी केझेड ईडीएक्स प्रो बघेन. चिनी कंपनी आहे. बेस भरपूर आणि बऱ्यापैकी खोल, वरचा आवाज उजळ, म्हणजे टाळ पुढे येतील. मुख्य फायदा असा की वायर दोन पिनांची, सुटी निघते. वायर गेली तर नुसती वायर बदलायची, हेडफोन फेकायचा नाही. दुसरा पर्याय जेबीएल सी१००एसआय. त्याचा बेस जाडसर आणि उबदार आहे, पण वायर कायमची जोडलेली. बजेट थोडं ताणलं तर टँगझू वानर बघा. बेस जरा कमी पण गाणारा माणूस समोर बसल्यासारखा. (नाव ऐकून घरचे हसतील, ते वेगळं.)

टाइप-सीचं काळजीपूर्वक. गोल पिनेचा हेडफोन घेतला तर मध्ये एक छोटी जोडवायर लागेल. ती घेताना आत डॅक आहे का ते विचारा, म्हणजे मोबाइलमधल्या आकड्यांचा आवाज करणारी चिप. नुसत्या तारा जोडलेली पन्नास रुपयांची वायर कित्येक फोनवर चालतच नाही. दुकानात आपलाच फोन लावून वाजवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

मंडप_साउंड_दारव्हा

पुण्याच्या भाऊनं नावं सांगितली, ते ठीक. पण हजाराचा घ्या का दहा हजाराचा घ्या, रबर कानात बरोबर बसलं नाही तं बेस भेटत नाही.

कानाच्या भोकात हवा कोंडली पाहिजे. एवढुसा पडदा त्या कोंडलेल्या हवेले ढकलते, म्हणून खालचा आवाज होते. जराशी फट राहिली का सगळ्यात पहिले खालचा आवाजच पळते, टाळ-खंजिरी तशीच रायते. मंग माणूस म्हणते हेडफोन बेकार. तू एक काम कर. गाणं चालू ठेव अन् हेडफोन बोटानं हलकासा आत दाब. दाबल्यावर घुमारा वाढला तं हेडफोनचा दोष नाही, रबर लहान पडून रायलं. घालताना दुसऱ्या हातानं कान वर अन् मागं ओढ, भोक सरळ होते. फोमचं रबर भेटलं तं आणखी बरं. चिमटीत दाबून आत घाल अन् वीस-तीस सेकंद धरून ठेव, ते फुगून बसते. घामानं लवकर खराब होते मात्र.

खालचा आवाज म्हणजे किती खालचा, ते तुह्या गावातच ऐकाले भेटते. डीपीखाली उभा राह्य. तो जो गुंऽऽ आवाज येते ना, तो मुख्य १०० हर्ट्झचा. लाइन ५० ची असते, ट्रान्सफॉर्मरची पट्टी तिच्या दुपटीनं थरथरते. लोक बेस-बेस म्हणतात तो बहुतेक वेळा त्या डीपीच्याच आसपासचा. बेस गिटारची सगळ्यात जाड तार ४१ वर बोलते, म्हणजे डीपीच्या निम्म्याहून खाली. माणसाचा कान २० पर्यंत पोचते. डीजेचे अठरा इंची स्पीकर लावले का ते छातीत जाणवते. हेडफोन कानात देईल, छातीत नाही देणार. ती आशा सोड.

अन् रेकॉर्डिंगचं. वाऱ्याची फडफड येऊ नये म्हणून बरेच फोन रेकॉर्ड करतानाच खालचा आवाज कापतात. जे आत गेलंच नाही, ते हेडफोन कुठून बाहेर काढीन? फोन डग्ग्यापासून हातभर दूर ठेव, एखादं साधं रेकॉर्डिंगचं ॲप टाकून पाह्य.

आवाज कमी ठेवत जा. मी पंधरा वर्षं डीजेपाशी उभा राह्यलो, आता रातच्याला सगळं चूप असलं का माह्या कानात शिट्टी वाजते. जागतिक आरोग्य संघटना म्हणते ८० डेसिबल आठवड्याले ४० तास, त्याच्या वर जाऊ नका. मले कोणी सांगितलं नोतं.

वरुडची_संत्रेवाली

बेस-बिस राहू द्या, दोन्ही कान बंद करून रातच्याला वावरात बसू नका भाऊ. आमच्या दिरानं मागच्या वर्षी हेच केलं. पाइप जोडातून निसटला, मोटार चालू, अन् हा कानात भोंगे घालून धुऱ्यावर. पहाटे पाह्यलं तं सगळं पाणी शेजाऱ्याच्या तुरीत. अजून बोलणं नाही दोघांचं. पाणी तरी परवडलं. रानडुकराचा कळप आला असता तं? एकच कान बंद करत जा, अन् बूट घालून बसत जा.

वणीकर_सध्या_पुण्यात

ताई बरोबर. दादा, एकाच कानात घालणार असाल तर मोबाइलच्या ॲक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये ‘मोनो ऑडिओ’ चालू करा. नाहीतर पेटी उजव्या कानात आणि डग्गा डाव्या कानात, असं अर्धंच भजन ऐकू येईल.

डावा_हात

मंडळी, बोट दाबून पाह्यलं. उजव्या कानाले काही फरक नाही. डाव्या कानात दाबलं का घुमारा येते, सोडलं का जाते! माहे दोन कान दोन मापाचे आहेत, हे अठ्ठावीस वर्षांत आत्ता समजलं. डब्यात मोठ्या रबराची जोडी होती, भाचीनं त्या रबरांच्या बाहुलीले टोप्या केल्या होत्या. एक टोपी मागून आणली. आता डाव्यात मोठं, उजव्यात मधलं. पिठलं पिठलंच आहे, पण खाली काहीतरी हाय एवढं समजते.

डीपीखाली जाऊन उभा राह्यलो तं बायको म्हणे, काय झालं तुमाले? काय सांगू तिले.

नवीन मागवला, तुमी सांगितल्यापैकीच एक. पार्सल गावात येत नाही, तिवश्याले जाऊन आणतो. एक इचारतो. रातच्याला आवाज कमी केला का बाकी सगळं ऐकू येते, घुमारा मात्र पहिले गायब होते. हेही रबराचंच का?

वणीकर_सध्या_पुण्यात

नाही, हे कानाचं. आवाज बारीक असला की आपला कान खालच्या सुरांना मधल्या सुरांपेक्षा बराच बहिरा असतो. अमेरिकेत फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ साली हे मोजून मांडलं होतं. म्हणून बेस आवडणारी माणसं आवाज वाढवत जातात. तसं करण्याऐवजी मोबाइलच्या इक्वलायझरमध्ये, म्हणजे खालचे-वरचे सूर वेगवेगळे कमी-जास्त करायच्या सोयीत, सगळ्यात खालच्या सुरांचा दांडा दोन-तीन घरं वर घ्या, त्याच्या शेजारचा, अडीचशे हर्ट्झच्या आसपासचा, एखादं घर खाली. आवाज तेवढाच ठेवा.

डावा_हात

आणला. चार रात्री वापरला, एका कानात, बूट घालून. टाळ पुढं येतात, सांगितलं तसंच. पण डग्गा ओढला का आवाज सरकताना ऐकू येते. मोठ्या तबलजीचं एक जुनं रेकॉर्डिंग लावलं, तं थाप वेगळी अन् मागून येणारा घुमारा वेगळा. मी धुऱ्यावर उभाच राह्यलो.

मंग मंगळवारी फोन दूर ठेवून स्वतःचं रेकॉर्ड केलं अन् ऐकलं. मास्तर बरोबर होते. हेडफोनचा काही दोष नोता.

मंडप_साउंड_दारव्हा

मंग बस रियाजाले. अन् जुने दोन फेकू नको, रबरं काढून ठेव. त्या मापाची सुटी लवकर भेटत नाहीत.