मदत हवी आहे : फुकट मिळणारे ओंडके लाल ओकचे की पांढऱ्या ओकचे?

पेन्सिल्व्हेनियात आमच्या घरापासून ८ मैलांवर, वादळात पडलेल्या एका झाडाचे ओंडके मालकांच्या परवानगीने फुकट मिळत आहेत, आणि वुड स्टोव्हसाठी ते आणण्याचा विचार आहे. दोन्ही जागा एकाच काउंटीत असल्यामुळे लाकडाबरोबर कीड दूरवर जाण्याचा प्रश्न नाही. मालक फक्त ‘ओक’ एवढेच सांगतात. खाली पडलेल्या पानांत शेजारच्या झाडांची पाने मिसळली आहेत, म्हणून पानांवर भिस्त ठेवता येत नाही.

कापलेल्या तोंडावर गाभ्यापासून सालीकडे जाणाऱ्या ठळक रेषा नुसत्या डोळ्यांनी दिसतात, त्यामुळे ते अ‍ॅश (ओकसारखेच दिसणारे दुसऱ्या झाडाचे लाकूड) नाही याची मला खात्री आहे. एक लहान तुकडा साबणाच्या पाण्यात धरून दुसऱ्या टोकाने फुंकल्यावर बुडबुडेही आले. पांढऱ्या ओकच्या गाभ्यातील वाहिन्या (पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या) बुजलेल्या असतात, म्हणून हा लाल ओक वाटतो. परंतु माझा तुकडा सालीलगतचा होता, आणि तिथे पांढऱ्या ओकच्याही वाहिन्या उघड्या असू शकतात, हे नंतर लक्षात आले. ताज्या फोडलेल्या बाजूवर ओलाव्याच्या मीटरने ३८ टक्के दाखवले.

माझ्याकडे कुऱ्हाड आणि पाचर आहे, करवत यंत्र नाही. छपराखाली जागा जेमतेम एका कॉर्डची, म्हणजे १२८ घनफुटांची आहे. गाभ्याचा तुकडा घेऊन हीच चाचणी पुन्हा करणे पुरेसे आहे, की सालीवरून किंवा वासावरून अधिक भरवशाची खूण सांगता येईल? आणि ३–४ इंच जाडीचे फोडून ठेवल्यास या लाकडाचा ओलावा पुढच्या हिवाळ्यापर्यंत २० टक्क्यांखाली येईल, की दोन उन्हाळे थांबावे लागेल?