ज्युनिअर केजीचा 'अ' (बी विंग पालक ग्रुप)

स्नेहा, बी-३०४: ईशान आत्ताशी चारचा झालाय. रोज पानभर 'अ' लिहून न्यायचा असतो. दोन ओळी झाल्या की पेन्सिल फेकतो, हात दुखतो म्हणतो. टीचर म्हणतात स्पीड कमी आहे. कोणाकडे वर्कशीट आहेत का?

अमोल, बी-५०२: पीडीएफ पाठवतो. पिहूने ट्रेसिंगची तीन पुस्तकं संपवली.

सेक्रेटरी: उद्या सकाळी ९ ते १२ पाणी बंद. टाकी धुणार आहेत.

वैद्य आजी, बी-१०१: स्नेहा, वर्कशीट राहू देत गं. बालवाडीत आयुष्य गेलं म्हणून सांगते. या वयात मनगटातली हाडंसुद्धा पुरती तयार नसतात. साधारण तिसऱ्या वर्षी मूल गोल काढतं, चौथ्या वर्षी अधिकचं चिन्ह, मग चौकोन. त्रिकोणाला पाच उजाडतात. आणि आपण पहिलंच अक्षर देतो 'अ', ज्यात वळणंच वळणं! पूर्वी ग म भ न पासून सुरुवात करायचे ते उगीच नाही. काना एकदा बसला की अर्धं काम झालं. व जमला की ब आणि क त्यातूनच निघतात. म्हणायला अ आ इ म्हणू दे की, लिहायलाही तोच क्रम कशाला?

अमोल: पण आजी, पिहूला जमलं की.

वैद्य आजी: जमतं काहींना. पेन्सिल कशी धरते ते बघितलंस का? आणि ईशान?

स्नेहा: मुठीत धरतो 😬

वैद्य आजी: मग नवी लांब पेन्सिल काढून घे. खडूचा पेराएवढा तुकडा दे. तो मुठीत धरताच येत नाही, आपोआप चिमटीत येतो. शिकवावं लागत नाही. पाटी भिंतीला उभी टेकवून दिलीस तर मनगटही नीट वळतं. डावरा असेल तर हात मात्र बदलायला लावू नकोस.

फरीदा, बी-२०३: आमच्याकडे मटार सोलायला बसवते. कपड्यांचे चिमटे पण तोच लावतो. दोरीवर मोजे वाकडे असतात, चालतंय.

वैद्य आजी: उत्तम. कणीक, वाती, मटार. बोटांची ताकद तिथेच येते.

रोहन, बी-४०१: २०२०च्या शैक्षणिक धोरणात ३ ते ८ वर्षं हा पायाभूत टप्पा धरलाय आणि भर खेळातून शिकण्यावर आहे. टीचरना हे सांगता येईल.

स्नेहा: धोरण सांगितलं तर वाईट वाटेल त्यांना. पानाऐवजी एक ओळ चालेल का, एवढंच विचारते.

वैद्य आजी: तेच बरं. आणि रेघोट्या मारल्या की "हे काय काढलंस" नको, "काय लिहिलंस" विचार. तो सांगेल तेच शब्द त्याच्यासमोर खाली लिही. बोललेलं कागदावर उतरतं हे एकदा कळू दे, मग अक्षरं तोच मागेल.

स्नेहा: (फोटो) विचारलं! नुसती गिचमिड आहे. म्हणतो, "सेक्रेटरी काका, लिफ्ट कधी चालू होणार?"

अमोल: 😂 मोठ्यांचाही हाच प्रश्न आहे.

सेक्रेटरी: मेकॅनिक उद्या दुपारी येतोय. ईशानला सांगा.

वैद्य आजी: असं नाही. त्याने चिठ्ठी लिहिलीय, उत्तर चिठ्ठीनेच द्या.

सेक्रेटरी: बरं आजी. वॉचमनकडे ठेवतो.