घर-अदलाबदल: ल्योनच्या शेजाऱ्यांसाठी काय न्यावं?

वरदाची आजी:
मेच्या मध्यापासून जूनअखेरपर्यंत आम्ही दोघं फ्रान्सला ल्योनमध्ये घर-अदलाबदल करून राहणार. ते कुटुंब आमच्या कोथरूडच्या फ्लॅटमध्ये, आम्ही त्यांच्या. मालकीणबाईंनी कळवलंय की किल्ली समोरच्या काकूंकडे असेल आणि शेजारी 'अपेरो'ला, म्हणजे संध्याकाळी पेयपानाला, बोलावतील. मजल्यावर तीन घरं आहेत. काय न्यावं? सगळं मिळून बजेट दीड हजार. आम्ही शाकाहारी, हे कधीमधी बिअर घेतात.

चकलीबाई:
पैठणीच्या पर्स न्या! मी येवल्याहून घेतल्या होत्या, बायका वेड्या झाल्या. एक साधारण बाराशेला पडते.

वरदाची आजी:
ताई, तीन घरं आहेत हो. दीड हजारात.

मी_नाशिककर:
नाशिकची वाईन न्या, दुसरं काही बघूच नका.

टिवल्याबावल्या:
ल्योनच्या उत्तरेला लागूनच बोजोले, वाईनचा मुलूख. तिथे वाईन नेणं म्हणजे कोकणात नारळ घेऊन जाणं.

मी_नाशिककर:
त्यांनी नाशिकची कुठे चाखलीय? माझ्या साडूंनी नेली होती, गोरे लेबल वाचत बसले होते.

टिवल्याबावल्या:
लेबलच वाचलं ना, प्यायले का?

जर्मनीकर:
पेढे, बर्फी, तूप अजिबात नको. युरोपियन युनियनमध्ये बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. आमच्या सासूबाईंचे कंदी पेढे फ्रँकफुर्टला विमानतळावरच कचऱ्यात गेले. हापूसही नको, ताज्या आंब्याला रोगमुक्तीचा दाखला लागतो. शेजाऱ्यांना कसलं गिफ्ट देताय? आमचे शेजारी वर्षभर फक्त 'हालो' म्हणतात.

सोनचाफा:
जर्मनी वेगळी, फ्रान्स वेगळं! आम्ही मुलीकडे नाँतला होतो. सामान लिफ्टमध्ये चढवतोय तोवर शेजारीण हजर. हातात कापडाने झाकलेली क्वीश (अंडं-क्रीम घातलेला खारा पाय), अजून गरम, कडेला थोडी करपलेली. आतमध्ये डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे. काय बोलणार! हसून घेतली, जावयाने खाल्ली. तेव्हा शाकाहारी आहात हे मालकीणबाईंकडून आधीच कळवा, काकूंना ऐनवेळी ओशाळायला लावू नका. आणि अपेरो म्हणजे जेवण नव्हे. संध्याकाळी सातच्या सुमारास एखादा पेला, ऑलिव्ह, खारे दाणे, गप्पा. दहा मिनिटं उशिराच जा, वेळेआधी गेलात तर यजमानीण अजून तयार होत असते. लिफ्टमध्ये कोणीही भेटो, आधी 'बोंज्यूर', मग बाकीचं.

चकलीबाई:
फुलं न्या मग तिथूनच घेऊन. शेवंती किती छान टिकते.

सोनचाफा:
शेवंती तेवढी नको! १ नोव्हेंबरला ते लोक थडग्यांवर वाहतात.

फुकटचा_सल्लागार:
भेटल्यावर गालाला गाल लावतात, त्याचं काय करणार? किती वेळा, तो आकडा गावागणिक वेगळा. काका, तयारी ठेवा.

वरदाची आजी:
हे वाचून ह्यांनी आत्ताच नमस्काराचा सराव सुरू केलाय.

टिवल्याबावल्या:
मेअखेरीस किंवा जूनच्या सुरुवातीला शेजारी-उत्सव असतो, १९९९ साली पॅरिसमध्ये सुरू झाला. लिफ्टजवळ कागद लागला तर नाव लिहा. अंगणात टेबलं मांडतात, प्रत्येक घर काहीतरी घेऊन येतं.

मी_नाशिककर:
तिथे वाईन चालेल.

जर्मनीकर:
परत सांगतो, दुधाचं काही नको.

कागदपत्रवाली:
भेटवस्तूंवरून एवढं चाललंय, पण तुमच्या घरी येणाऱ्यांचं काय? परदेशी पाहुणा घरात उतरला की २४ तासांत त्याची माहिती सरकारला कळवणारा ऑनलाइन फॉर्म (आधीचा सी फॉर्म, आता फॉर्म III) भरावा लागतो. घर भाड्याने दिलेलं नसलं तरीही. लॉगिन आधीच करून ठेवा, कारण त्या दिवशी तुम्ही बहुधा विमानात असाल. सोसायटीच्या सेक्रेटरींना लेखी कळवा, नाहीतर वॉचमन त्यांना गेटवरच उभं करेल.

वरदाची आजी:
बापरे, हे कोणीच सांगितलं नव्हतं. आजच करते. आणि आमच्या समोरच्या वहिनींना सांगते, त्या कुटुंबाला पहिल्या संध्याकाळी चहाला बोलवा म्हणून. पोहे कमी तिखट.

चकलीबाई:
मग पर्सचं काय ठरलं?

वरदाची आजी:
ह्यांनी ठरवलं. जयसिंगपूरचं भडंग, प्रत्येक घराला दोन पाकिटं, आणि एक स्वतःसाठी. पाचशेच्या आत.

सोनचाफा:
अहो, त्यांना तिखट झेपत नाही हो! राजगिऱ्याचे लाडू तरी न्या.

वरदाची आजी:
तेही सांगून पाहिलं. हे म्हणाले, बिअरच पाजणार ना ते, मग तिच्याबरोबर भडंगच हवं.

मी_नाशिककर:
काका बरोबर आहेत. पण वाईनबरोबरही चालतं.