चिनी मातीच्या उशीला मागे भोक कशासाठी?

प्रश्न (पंचवटी, नाशिक): चीनच्या सोंग राजवटीतल्या (960–1279), सिझोऊ इथल्या भट्ट्यांमधल्या उशांचे फोटो पाहिल्यापासून डोक्यातून जात नाहीत. पांढऱ्या पातळ मातीच्या अस्तरावर लोहयुक्त काळ्या रंगाच्या मोजक्या फटकाऱ्यांत अख्खं बदक. काय हात असेल! तशीच करायला घेतलीय, पाट्या थापून जोडल्यात. पण मूळ उशांना मागे बारीक भोक दिसतं. ते का?

उत्तर: आतून पोकळ ना ती! भट्टीत हवा तापून फुगते, वाट नसेल तर उशी फुटते. माती ओली असतानाच भोक पाडा.

दुसरं उत्तर: तळही बघत जा ताई. काहींवर ‘चांग घराण्याने घडवलेली’ असा ठसा आहे.

प्रश्नकर्ती: आभार दादा! इतक्या टणक उशीवर झोपत कसे?

उत्तर: उन्हाळ्यात मानेला गार लागते. थडग्यांतही सापडल्यात. तुमची सावलीतच सुकवा, नाशिकच्या वैशाखात सांधे उलतात.